इथॉक्सिक्विन : जहाजावर हवे, ताटात नको

वाळवून दळलेली मासळी आपोआप पेट घेऊ शकते, यावर चटकन विश्वास बसत नाही. पण सागरी मालवाहतूक करणाऱ्यांच्या दृष्टीने ही जुनीच डोकेदुखी आहे. मासळीची भुकटी, म्हणजेच व्यापाराच्या भाषेतील फिशमील, पोत्यांत भरून जहाजाच्या तळघरात रचली की तिच्यात शिल्लक राहिलेले तेल हवेतील ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावू लागते. या क्रियेत उष्णता निर्माण होते. गच्च रचलेल्या थप्पीतून ती बाहेर पडत नाही. साचलेल्या उष्णतेने क्रियेचा वेग वाढतो आणि वाढलेल्या वेगाने आणखी उष्णता निर्माण होते. काही दिवसांनी पोती धुमसू लागतात. भर समुद्रात अशी आग विझवणे म्हणजे काय, हे खलाशांनाच ठाऊक.

म्हणूनच धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत फिशमीलला दोन स्वतंत्र क्रमांक आहेत. कोणतीही प्रक्रिया न केलेली भुकटी १३७४ या क्रमांकाखाली, ‘आपोआप पेट घेणारे पदार्थ’ या वर्गात मोडते. रसायन मिसळून स्थिर केलेली भुकटी २२१६ या क्रमांकाखाली येते आणि तुलनेने सौम्य अशा नवव्या वर्गात बसते. एका क्रमांकावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी जे रसायन अर्धशतकाहून अधिक काळ जगभर वापरले गेले, त्याचे नाव इथॉक्सिक्विन. जहाज, माल आणि खलाशी यांचे रक्षण करणारे हे रसायन पुढे कोंबडीच्या खुराकातून, कोळंबीच्या खाद्यातून आणि साल्मन माशाच्या मांसातून माणसाच्या ताटापर्यंत पोचते. तेथे मात्र त्याचे स्वागत कोणी करीत नाही. युरोपीय संघाने पशुखाद्यातील त्याचा वापर २०१७ मध्ये निलंबित केला आणि २०२२ मध्ये परवानगी नाकारली. अमेरिकेत ते आजही चालते. जपानने त्याच्या नावाने भारतीय कोळंबीची अडवणूक केली आणि दीड-दोन वर्षांनी स्वतःचीच मर्यादा वीसपट सैल केली. एकाच पदार्थाविषयी इतक्या परस्परविरोधी भूमिका का निर्माण झाल्या, याचे उत्तर विज्ञानात जितके आहे तितकेच प्रत्येक नियामकाने स्वतःला विचारलेल्या प्रश्नातही आहे.

रबरापासून खुराकापर्यंत

इथॉक्सिक्विन हा क्विनोलीन गटातील पदार्थ. पिवळसर ते तपकिरी रंगाचा हा दाट द्रव हवा आणि उजेड लागला की काळवंडत जातो. पॅरा-फेनेटिडीन आणि अ‍ॅसिटोन यांच्या संयोगातून तो तयार करतात. यातील पॅरा-फेनेटिडीन हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे; या कथेच्या शेवटच्या टप्प्यात तेच निर्णायक ठरले.

तेल खवट होते म्हणजे काय होते, हे समजले की या द्रवाचे काम समजते. असंतृप्त स्निग्धाम्लाच्या रेणूतून हायड्रोजनचा एक अणू निसटला की तो रेणू अतिक्रियाशील बनतो, ऑक्सिजनला चिकटतो आणि शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेतो. मग शेजारचा रेणू तेच करतो. अशी साखळी सुरू होते. मासळीच्या तेलातील ओमेगा-३ स्निग्धाम्ले या बाबतीत फारच हळवी. आरोग्याच्या पुरवण्यांत त्यांचे जे गोडवे गायले जातात, ते ज्या रासायनिक रचनेमुळे, त्याच रचनेमुळे ती चटकन खवटतात. इथॉक्सिक्विन स्वतःचा हायड्रोजन देऊन ही साखळी तोडते. एक टन भुकटीला चारशे ग्रॅम ते एक किलो एवढेच ते लागते आणि त्याची किंमत भुकटीच्या मोलापुढे नगण्य असते. स्वस्त, थोडके आणि परिणामकारक असे तिन्ही गुण एकत्र असलेला पर्याय आजही सापडलेला नाही, ही गोष्ट त्याचे टीकाकारही मान्य करतात.

मोन्सँटो या अमेरिकी कंपनीने १९५० च्या दशकात हे रसायन ‘सँटोक्विन’ या नावाने पशुखाद्यासाठी बाजारात आणले. त्याआधी ते रबर उद्योगाच्या परिचयाचे होते. रबराला तडे जाणे आणि तेल खवटणे या दोन्हींच्या मुळाशी ऑक्सिडीकरणच असते, हा त्यातील दुवा. ‘टायरमधले रसायन कोंबडीच्या पोटात’ अशी ओरड पुढे झाली ती या इतिहासामुळे. ती फारशी न्याय्य नव्हती. एखादा पदार्थ आधी कोठे वापरला गेला, यावरून त्याचे विषारीपण ठरत नाही.

पशुखाद्यातील त्याची पहिली कामगिरी मासळीशी संबंधित नव्हती. अमेरिकेत लसूणघास वाळवून जनावरांना घालत. वाळवताना आणि साठवणीत त्यातील कॅरोटीन नष्ट होई. इथॉक्सिक्विनने ते टिकले. कोंबडीच्या पिल्लांना ‘ई’ जीवनसत्त्वाच्या अभावी मेंदूचा एक विकार जडतो. पिल्ले तोल जाऊन वेडीवाकडी पडतात. खुराकात हे रसायन घातले की तो विकार टळतो, असेही दिसून आले. बंदिस्त कुक्कुटपालनाचा उद्योग त्या काळात वाढत होता आणि महिनोन् महिने टिकणारा, पोत्यात मिळणारा खुराक ही त्याची गरज होती. इथॉक्सिक्विनचा प्रसार झाला तो या गरजेमुळे. कोठारात ठेवलेल्या नासपतीची साल काळी पडू नये म्हणून फळांवर फवारण्यासाठीही अमेरिकेने १९६५ मध्ये त्याची नोंदणी केली. मिरचीपूड आणि पॅप्रिका यांचा लाल रंग टिकवण्यासाठी तेथील नियमांत त्याला थेट मानवी अन्नातही स्थान आहे : दर किलोला १०० मिलिग्रॅमपर्यंत. तिखटाचा रंग महिनाभरात उतरतो, ही तक्रार केवळ आपल्याकडील गृहिणींची नाही, एवढाच याचा अर्थ.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने संपूर्ण पशुखाद्यात दर किलोला १५० मिलिग्रॅम, म्हणजे १५० पीपीएम, ही मर्यादा घातली. जनावरांच्या शरीरात उतरणाऱ्या अंशासाठीही आकडे ठरले : अंड्यात ०.५ पीपीएम, कोंबडीच्या यकृतात आणि चरबीत ३ पीपीएम, दुधात शून्य. युरोपनेही आपल्या १९७० च्या निर्देशाखाली ‘ई ३२४’ या क्रमांकाने त्याला मान्यता दिली. तेथेही मर्यादा १५० हीच. पुढची तीन दशके या आकड्याकडे कोणी वळून पाहिले नाही.

कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्न विचारला

या स्वस्थतेला पहिला धक्का शास्त्रज्ञांनी दिला नाही, कुत्रे पाळणाऱ्यांनी दिला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील श्वानपालकांनी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारींचा ओघ सुरू केला. अ‍ॅलर्जी, त्वचेचे विकार, यकृताचे आजार, प्रजननातील अडचणी अशा नाना व्याधींचे खापर तयार खाद्यातील इथॉक्सिक्विनवर फोडले गेले. यातील बहुतेक आरोप सिद्ध झाले नाहीत. तथापि, त्यांतील एक मुद्दा बिनतोड होता. कोंबडी काही आठवडेच जगते आणि तिच्या खुराकाची मर्यादा त्या हिशेबाने चालून जाते. कुत्रा मात्र बारा-पंधरा वर्षे रोज तेच खाद्य खातो. शिवाय वजनाच्या मानाने तो, विशेषतः व्यालेली कुत्री, पुष्कळ खातो.

मोन्सँटोने नव्याने प्रयोग केले. त्यांत कुत्र्यांच्या यकृतात एक रंगद्रव्य साठत असल्याचे आणि यकृताची काही विकरे वाढत असल्याचे आढळले. याचा अर्थ रोग झाला असा नव्हे. पण परिणाम होत होता, हे नाकारता येत नव्हते. जुलै १९९७ मध्ये प्रशासनाने उत्पादकांना कुत्र्यांच्या खाद्यातील प्रमाण ७५ पीपीएमवर आणण्याची विनंती केली. विनंतीच; नियम बदललाच नाही. सुरक्षिततेची मर्यादा निम्म्यावर आणायची आणि तरी कायद्यातला आकडा तसाच ठेवायचा, हा प्रकार चमत्कारिक म्हटला पाहिजे. जपानने २००९ मध्ये पाळीव प्राण्यांच्या खाद्याचा कायदा अमलात आणला तेव्हा कुत्र्यांसाठी ७५ हाच आकडा थेट नियमात घातला.

दरम्यान, अन्नातील कीडनाशकांच्या अंशांचा विचार करणाऱ्या जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञगटाने १९९८ मध्ये आपला जुना अंदाज बदलला. माणसाने आयुष्यभर रोज घेतले तरी चालेल असे प्रमाण त्या गटाने शरीराच्या दर किलो वजनामागे ०.०६ मिलिग्रॅमवरून ०.००५ मिलिग्रॅमवर आणले. म्हणजे बारा भागांतील एकच भाग उरला. त्यासाठी आधार घेतला तो कुत्र्यांवरील प्रयोगांचाच.

कोळंबीची कोंडी

फिशमीलचा जागतिक व्यापार वर्षाला सुमारे पन्नास लाख टन उत्पादनावर उभा आहे. त्यात पेरूचा वाटा सर्वांत मोठा. पॅसिफिक महासागरातील अँकोवेटा नावाच्या बोटभर माशावर हा उद्योग चालतो आणि एल निन्योच्या लहरीवर तो डोलतो. २०२३ मध्ये पेरूच्या उत्तर-मध्य किनाऱ्यावरील पहिला हंगामच रद्द करावा लागला होता. सर्वांत मोठा ग्राहक चीन. पेरूहून चीनला जाणारी जहाजे कित्येक आठवडे समुद्रात असतात आणि विषुववृत्त ओलांडतात. इथॉक्सिक्विनची गरज भासते ती या लांबलचक, उष्ण प्रवासामुळे. भारतातही तारलीसारख्या तेलकट मासळीपासून फिशमील व मत्स्यतेल काढणारे कारखाने कर्नाटकाच्या किनाऱ्यावर मोठ्या संख्येने, तसेच गोव्यात कुंकळ्ळीला व महाराष्ट्रात रत्नागिरीच्या परिसरात आहेत.

ही भुकटी कोळंबीच्या खाद्यातील महत्त्वाचा घटक. निमखाऱ्या पाण्याच्या तळ्यांत वाढणारी कोळंबी ही भारताच्या सागरी निर्यातीची मुख्य कमाई. ओडिशा आणि पश्चिम बंगालमधील वाघ कोळंबीला जपान हे फार जुने गिऱ्हाईक. २०१२ मध्ये जपानी तपासनिसांना प्रथम व्हिएतनामच्या आणि मागोमाग भारताच्या कोळंबीत इथॉक्सिक्विनचे अंश सापडले. शेतकऱ्याने ते घातले नव्हते. खाद्य बनवणाऱ्यानेही बहुधा घातले नव्हते. ते फिशमीलबरोबर आले होते आणि फिशमीलमध्ये ते घातले गेले होते सागरी वाहतुकीच्या संहितेला अनुसरून.

या संहितेची त्या वेळची अट अशी होती : भुकटी तयार होतानाच तिच्यात दर किलोला ४०० ते १००० मिलिग्रॅम इथॉक्सिक्विन मिसळावे, अथवा १००० ते ४००० मिलिग्रॅम बीएचटी हे दुसरे रसायन वापरावे, जहाजावर चढवताना त्याचे किमान १०० मिलिग्रॅम शिल्लक असावेत. माल भरतेवेळी त्याचे तापमान ३५ अंश सेल्सिअस किंवा सभोवतालच्या हवेपेक्षा ५ अंश अधिक, यांपैकी जे जास्त असेल त्याहून वर नसावे, असाही दंडक होता. ही संहिता २००४ पासून सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली बंधनकारक झाली.

जपानचा नियम दुसऱ्याच तर्काने बनला होता. मे २००६ मध्ये त्या देशाने अन्नातील रासायनिक अंशांसाठी नवी पद्धत अमलात आणली. तिच्यानुसार ज्या पदार्थासाठी ज्या अन्नात मर्यादा ठरवलेली नसेल, तेथे आपोआप ०.०१ पीपीएम ही सरसकट मर्यादा लागू होते. माशांसाठी जपानने इथॉक्सिक्विनची मर्यादा १ पीपीएम ठरवली होती. कोळंबी मासा नसून कवचधारी प्राणी. तिच्यासाठी वेगळा आकडा नव्हता. परिणामी एकाच बंदरात उतरलेल्या माशाला एक नियम आणि कोळंबीला त्याहून शंभरपट कठोर दुसरा नियम लागला. ०.०१ पीपीएम म्हणजे शंभर टन कोळंबीत एक ग्रॅम.

येथे थोडा हिशेब मांडणे उपयुक्त ठरेल. संयुक्त तज्ज्ञगटाच्या प्रमाणानुसार साठ किलो वजनाच्या माणसाला रोज ०.३ मिलिग्रॅमपर्यंत इथॉक्सिक्विन निर्धोक मानले गेले होते. ०.०१ पीपीएम अंश असलेली कोळंबी खाऊन ही पातळी गाठायची तर त्याला रोज तीस किलो कोळंबी संपवावी लागेल. उलट, अमेरिकेत चालणारा ०.५ पीपीएम अंश असलेली अंडी खाल्ली, तर सहाशे ग्रॅममध्ये, म्हणजे साधारण डझनभर अंड्यांत, तो तेथवर पोचतो. जपानचा आकडा धोक्याची रेषा नव्हता. ‘आम्ही याचा विचार केलेला नाही’ एवढेच तो सांगत होता. पण बंदरावरचा तपासनीस दोहोंत फरक करू शकत नाही. त्याच्या दृष्टीने माल बसतो किंवा बसत नाही.

महाराष्ट्राच्या वाचकाला हा अनुभव नवा नाही. २०१० साली नाशिक-सांगलीकडील द्राक्षे युरोपात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे अडली, तेव्हाही मूठभर पीपीएमच्या हिशेबात अनेक बागायतदारांचा हंगाम गेला होता. फरक इतकाच, की ते रसायन बागायतदाराच्या स्वतःच्या फवाऱ्यातून आले होते. कोळंबीवाल्याच्या हातात खाद्याचे बंद पोते होते आणि त्याच्या आतल्या भुकटीचा प्रवास त्याला माहीत असण्याचे कारण नव्हते.

भारताने हा प्रश्न जागतिक व्यापार संघटनेच्या आरोग्यविषयक उपाययोजनांच्या समितीत मांडला. माशाला १ आणि कोळंबीला ०.०१ याला शास्त्रीय आधार काय, असा भारताचा सवाल होता. संघटनेच्या करारानुसार प्रत्येक निर्बंधामागे धोक्याचे मूल्यमापन असावे लागते. पुरावा अपुरा असेल तर तात्पुरता उपाय करता येतो, मात्र पुरावा गोळा करण्याची जबाबदारी निर्बंध घालणाऱ्यावर पडते. कोळंबीसाठी कोणताही जागतिक मापदंड नव्हताच. कोडेक्स या अन्नमानकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेने इथॉक्सिक्विनचा आकडा ठरवला होता तो फक्त नासपतीसाठी. जपानने मूल्यमापन हाती घेतले आणि जानेवारी २०१४ मध्ये कवचधारी प्राण्यांसाठी ०.२ पीपीएम ही मर्यादा जाहीर केली. वाद मिटला. मधल्या काळात ज्यांचा माल परत आला किंवा पडत्या भावाने अन्यत्र विकावा लागला, त्यांना भरपाई देण्याची तरतूद या व्यवस्थेत कोठेही नाही.

युरोपचा उलटा प्रश्न

जपानचे प्रकरण ज्या हिशेबाने हास्यास्पद वाटते, त्या हिशेबाचा पायाच युरोपात ढासळला. पशुखाद्यातील सर्व पूरक पदार्थांची नव्याने तपासणी करण्याचा कायदा युरोपीय संघाने २००३ मध्ये केला. त्यात पूर्वीच्या परवानग्यांना आपोआप मुदतवाढ नव्हती. पदार्थ निर्धोक असल्याचे उत्पादकांनी सिद्ध करायचे होते. त्यानुसार आलेल्या अर्जावर युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ च्या अखेरीस आपले मत दिले. इथॉक्सिक्विन घातक आहे असे त्यात म्हटले नव्हते. ते सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढण्याइतकी माहिती नाही, असे म्हटले होते. जनावरे, खाणारी माणसे आणि पर्यावरण या तिन्हींच्या बाबतीत.

आक्षेप दोन होते. पहिला, शरीरात आणि साठवणीत इथॉक्सिक्विन तसेच राहत नाही. त्याची रूपांतरे होतात. साल्मनवर नॉर्वेत झालेल्या अभ्यासांत दिसून आले होते की, माशाच्या मांसात मूळ पदार्थापेक्षा त्याचे दोन रेणू जोडून बनलेले द्विरेणू रूपच अधिक आढळते आणि ते लवकर जात नाही. आणखी एका रूपांतराची, क्विनोन इमाइनची, रासायनिक रचना जनुकांना इजा करणाऱ्या पदार्थांशी मिळतीजुळती होती. नियमातले सारे जुने आकडे मूळ इथॉक्सिक्विनला धरून ठरवलेले होते. द्विरेणू त्यांत धरलाच नव्हता. तेव्हा वर केलेला तीस किलोंचा हिशेब अंकगणित म्हणून बरोबर असला, तरी तो मोजतो त्या गोष्टीबाहेर बरेच काही उरते.

दुसरा आक्षेप पॅरा-फेनेटिडीनचा. निर्मितीत वापरलेला हा कच्चा माल तयार इथॉक्सिक्विनमध्ये अशुद्धी म्हणून थोडासा शिल्लक राहतो आणि तो जनुकांत बदल घडवू शकतो. फेनासेटिन हे एके काळचे घरोघरी असलेले वेदनाशामक याच पदार्थापासून बनत असे. मूत्रपिंडावरील दुष्परिणाम आणि कर्करोगाचा संशय यांमुळे ते अमेरिकेने १९८३ मध्ये बाजारातून काढले. जनुकांना इजा करणाऱ्या पदार्थाच्या बाबतीत ‘इतक्यापर्यंत चालेल’ असा आकडा काढणे युरोपीय शास्त्रज्ञ सहसा टाळतात.

जून २०१७ मध्ये युरोपीय आयोगाने परवानगी निलंबित केली. बंदी नव्हे, निलंबन; आणि तेही टप्प्याटप्प्याने. फिशमीलसारख्या ज्या घटकांना सागरी वाहतुकीसाठी या रसायनाची निकड होती, त्यांना २०२० च्या पूर्वार्धापर्यंत वेळ मिळाला. धोका सिद्ध नाही म्हणून एकाएकी दार लावता येत नाही आणि सुरक्षितता सिद्ध नाही म्हणून ते उघडेही ठेवता येत नाही, अशा पेचातून निघालेला हा मार्ग होता. उत्पादकांनी अशुद्धीचे प्रमाण फारच खाली आणून नवी कागदपत्रे सादर केली. २०२२ मधील नव्या मतात प्राधिकरणाने काही बाबतींत दिलासा दिला खरा. परंतु दीर्घायुषी आणि प्रजननासाठी ठेवलेल्या जनावरांबाबत, तसेच पॅरा-फेनेटिडीनचा किती अंश मांस-अंड्यांत उतरतो हे ठाऊक नसल्याने खाणाऱ्यांबाबत, निष्कर्ष काढता येत नाही असेच सांगितले. ५ ऑगस्ट २०२२ रोजी आयोगाने परवानगी नाकारली. फळांवरील वापर तेथे २०११ मध्येच संपुष्टात आला होता.

अमेरिकेत या सगळ्याचा काही परिणाम झाला नाही. १५० पीपीएम ही तेथील मर्यादा कायम आहे. अमेरिकी व्यवस्थेत एकदा दिलेली मान्यता काढून घ्यायची तर हानी दाखवावी लागते. युरोपात मान्यता टिकवायची तर सुरक्षितता दाखवावी लागते. हातातील शास्त्रीय निबंध तेच असूनही दोन्ही निर्णय आपापल्या घरी नियमाला धरूनच आहेत.

समुद्राने नियम बदलला

युरोपच्या निर्णयाने खरी अडचण झाली ती जहाजांची. स्थिरीकरणाशिवाय फिशमील चढवता येत नाही आणि इथॉक्सिक्विन घातलेले फिशमील युरोपात उतरवता येत नाही. बीएचटी हा एक मार्ग होता. पण तो कृत्रिमच, शिवाय जास्त प्रमाणात लागणारा. ‘ई’ जीवनसत्त्वाच्या कुळातील टोकोफेरॉल आणि रोझमेरी वनस्पतीचा अर्क यांचे मिश्रण फिशमील उत्पादकांनी प्रयोगांती पुढे आणले. त्यानंतर सागरी संहितेत दुरुस्ती झाली. आता माल पाठवताना इथॉक्सिक्विन किमान ५०, बीएचटी किमान १०० किंवा टोकोफेरॉलयुक्त मिश्रण किमान २५० मिलिग्रॅम प्रतिकिलो शिल्लक असले तरी चालते. जे मिसळायचे ते पाठवणीपूर्वीच्या बारा महिन्यांच्या आत मिसळलेले असले पाहिजे.

ही दुरुस्ती दिसायला किरकोळ, पण तिने पन्नास वर्षांची मक्तेदारी मोडली. मात्र टोकोफेरॉल महाग पडते, अधिक लागते आणि उष्ण हवामानात लवकर खर्ची पडते. मोठ्या कारखान्यांना हा खर्च आणि वारंवार कराव्या लागणाऱ्या चाचण्या परवडतात, छोट्यांना जड जातात. शिवाय त्याच कारखान्याला कोणती खेप कोणत्या देशात जाणार यावरून वेगवेगळी रसायने वापरावी लागतात. एकाच मासळीचे, एकाच भट्टीतून निघालेले दोन ढीग वेगळे ठेवावे लागतात.

साल्मन उद्योगाला हा बदल तुलनेने सुसह्य झाला, याचे एक कारण वेगळेच आहे. नॉर्वेत १९९० साली साल्मनच्या खाद्यात सुमारे ९० टक्के भाग सागरी घटकांचा असे. २०१३ पर्यंत तो ३० टक्क्यांच्या आसपास आला होता. सोया आणि इतर वनस्पतींनी मासळीची जागा घेतली. यामागे इथॉक्सिक्विनची भीती नव्हती. मासळी महागली होती, एवढेच. कोळंबीच्या खाद्यातही तोच कल आहे.

स्पर्धेत असलेल्या इतर अँटिऑक्सिडंट रसायनांत महाराष्ट्राचाही वाटा आहे. बीएचए आणि टीबीएचक्यू या, खाद्यतेले व तत्सम पदार्थ खवटू नयेत म्हणून वापरल्या जाणाऱ्या रसायनांच्या जगातील प्रमुख उत्पादकांत मुंबईच्या कॅम्लिन फाइन सायन्सेसची गणना होते. तारापूरला तिचा कारखाना आहे. कंपासपेटीमुळे मराठी घरांत पोचलेल्या नावाची ही दुसरी शाखा. अर्थात बीएचए किंवा बीएचटीही संशयातीत नाहीत. युरोपच्या फेरतपासणीतून त्यांनाही जावे लागले आहे.

भारतीय ग्राहकाला यात काय दिसते? अंड्याच्या खोक्यावर किंवा कोंबडीच्या पाकिटावर खुराकातील रसायनांची नोंद नसते. तशी ती जगात फारशी कोठेच नसते. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने जानेवारी २०२० मध्ये दुभत्या व मांसासाठी पाळलेल्या जनावरांचे बाजारी खाद्य भारतीय मानकांनुसारच असावे, असा आदेश काढला, पण त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. निर्यातीच्या कोळंबीची प्रयोगशाळेत तपासणी होते ती खरेदीदार देशाच्या आकड्यांशी जुळवण्यासाठी. जपानला जाणाऱ्या खेपेला ०.२ चा आकडा लागतो. युरोपचा निर्णय खाद्याविषयीचा असल्याने तेथे विकल्या जाणाऱ्या खाद्याला तो लागू पडतो. दुसऱ्या देशात कोळंबीला काय खाऊ घातले, याचा शोध त्या कलमाने घेता येत नाही. फेटाळलेल्या अर्जानंतर नवा अर्ज करण्यास तेथे मज्जाव नाही, मात्र त्यासाठी पॅरा-फेनेटिडीनचे मांसातील अंश मोजणारे प्रयोग आधी करावे लागतील आणि त्यांचा खर्च अर्जदाराला उचलावा लागेल. पेटंटची मुदत केव्हाच उलटून गेलेल्या, कोणीही बनवू शकेल अशा स्वस्त रसायनासाठी तो खर्च कोणी करावा, यावर उत्पादकांचे घोडे अडणे साहजिक आहे.